श्रेणी बरोबर, उत्तर चूक? घातश्रेणीबद्दल वाचकांचे प्रश्न

घातश्रेणी, म्हणजे क्षच्या चढत्या घातांची न संपणारी बेरीज, कॉलेजात जिला पॉवर सिरीज म्हणतात ती, या विषयावरची सात पत्रं या वेळी घेतली आहेत. छपाईच्या सोयीसाठी काही खुणा ठरवून घेऊ. क्ष^३ म्हणजे क्षचा तिसरा घात, ई म्हणजे २.७१८… ही संख्या, पाय म्हणजे ३.१४१५९… ही संख्या, आणि लॉग म्हणजे सगळीकडे ई पायाचा लॉग.

प्रश्न : क्ष^३/(९ + ४क्ष^२) ची क्ष = ० भोवतीची घातश्रेणी काढायची होती. टेलरच्या सूत्राप्रमाणे एकामागून एक अवकलनं घेत गेलो, तर तिसऱ्यातच पान भरलं. परीक्षेत हे कसं जमायचं? (बी.एस्सी. द्वितीय वर्ष, सातारा)

टेलरचं सूत्र सहगुणक (क्षच्या प्रत्येक घाताला गुणणाऱ्या संख्या) काय असतात ते सांगतं. ते त्याच वाटेने काढले पाहिजेत असा त्याचा हट्ट नाही. एका फलनाची एका बिंदूभोवती घातश्रेणी एकच असते, त्यामुळे कुठल्याही सोप्या वाटेने मिळाली तरी ती तीच. इथली सोपी वाट भूमिती श्रेढीची:

१/(१ − र) = १ + र + र^२ + र^३ + …, मात्र |र| < १ असेल तरच.

दिलेलं फलन या साच्यात बसवायचं. आधी छेदातले ९ बाहेर काढा, म्हणजे आत १ उरेल: (क्ष^३/९) × १/(१ + ४क्ष^२/९). साच्यात वजाबाकी आहे, म्हणून अधिकचं चिन्ह १ − (−४क्ष^२/९) असं लिहा. आता र = −४क्ष^२/९. तो साच्यात टाका, बाहेरच्या क्ष^३/९ ने प्रत्येक पदाला गुणा:

क्ष^३/९ − ४क्ष^५/८१ + १६क्ष^७/७२९ − …

हद्दही, म्हणजे श्रेणी कुठल्या क्षसाठी चालते तेही, इथेच मिळते. |४क्ष^२/९| < १ म्हणजे |क्ष| < ३/२. बाहेरच्या क्ष^३ चा हद्दीशी काही संबंध नाही.

गुण जातात ते बहुतेक एकाच ठिकाणी: वर्ग करताना क्षचा वर्ग होतो आणि ४ तसेच राहतात. (४क्ष^२/९)^२ म्हणजे १६क्ष^४/८१. कंसातल्या प्रत्येकाला घात लागतो. दुसरी चूक जास्त फसवी आहे. काही जण ९ बाहेर न काढता ९ = १ + ८ अशी फोड करतात आणि र = −(८ + ४क्ष^२) घेतात. बीजगणित अगदी बरोबर आहे. पण या रचं केवलमूल्य कधीच ८ च्या खाली येत नाही, म्हणजे ती श्रेणी कुठल्याही क्षसाठी अभिसारी नाही, तिची बेरीज कुठल्याच ठरावीक संख्येवर स्थिरावत नाही. कागदावर सुंदर दिसणारी आणि शून्य उपयोगाची.

उत्तर तपासायला एक किंमत घालून बघा. क्ष = १/२ घेतला तर मूळ फलन ०.१२५/१० = ०.०१२५. श्रेणीची पहिली तीन पदं: ०.०१३८८९ − ०.००१५४३ + ०.०००१७१ = ०.०१२५१७. पुढचं पद सुमारे −०.००००१९ आहे, म्हणजे गाडी रुळावर आहे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण चिन्ह चुकलं असेल तर इथे लगेच कळतं.

श्रेणी दुसऱ्या बिंदूभोवती मागितली तरी युक्ती तीच. १/क्ष ची क्ष = ३ भोवती हवी असेल तर ट = क्ष − ३ धरा; १/(३ + ट) मधून ३ बाहेर काढा; हद्द |ट| < ३, म्हणजे क्ष शून्य ते सहाच्या मध्ये.

प्रश्न : लॉग(५ − क्ष) ची श्रेणी काढली. पुस्तकातल्या उत्तरात सुरुवातीला लॉग ५ आहे, माझ्या उत्तरात नाही. शिवाय हद्द −५ ≤ क्ष < ५ अशी दिली आहे. एका टोकाला बरोबरचं चिन्ह आणि दुसऱ्याला नाही, असं का? (नांदेड)

लॉग ५ हा समाकलनाचा स्थिरांक आहे. लॉग(५ − क्ष) चं अवकलन −१/(५ − क्ष), म्हणजे −(१/५)(१ + क्ष/५ + क्ष^२/२५ + …). याचं पदागणिक समाकलन केलं की

स्थिरांक − क्ष/५ − क्ष^२/५० − क्ष^३/३७५ − …

क्ष = ० घातलं की डावीकडे लॉग ५ आणि उजवीकडे फक्त स्थिरांक उरतो. तो लिहिला नाही तर प्रत्येक उत्तर १.६०९ ने चुकतं. आर्कटॅनच्या (टॅनच्या उलट फलनाच्या) श्रेणीत हा स्थिरांक शून्य येतो, म्हणून तो न लिहिण्याची सवय लागते आणि लॉगच्या गणितात ती नडते.

आता टोकांचं. पदागणिक अवकलन किंवा समाकलन केल्याने अभिसरणाची त्रिज्या, म्हणजे केंद्रापासून श्रेणी जिथवर चालते ते अंतर, बदलत नाही. इथे ती ५ होती, ५ च राहिली. टोकांची हमी मात्र नाही. समाकलनात प्रत्येक पदाला वाढत्या संख्येने भागलं जातं, त्यामुळे आधी न जुळणारं टोक जुळू शकतं. अवकलनात उलट, हातातलं टोक निसटू शकतं. रेशो टेस्टकडे (लगतच्या पदांचं गुणोत्तर बघणाऱ्या कसोटीकडे) इथे जाऊ नका. टोकाला ती बरोबर १ देते, आणि १ आला की ती काहीच सांगत नाही. टोक सरळ श्रेणीत घालून बघायचं. क्ष = ५ घातला की −(१ + १/२ + १/३ + …) येतं. ही हरात्मक श्रेणी, अपसारी, म्हणजे बेरीज वाढतच जाणारी. क्ष = −५ घातला की १ − १/२ + १/३ − … येतं; चिन्हं आलटून पालटून आणि पदं कमी होत शून्याकडे जाणारी, म्हणून अभिसारी. तिची बेरीज लॉग २. लॉग ५ + लॉग २ = लॉग १०, आणि ५ − (−५) = १०, म्हणजे हिशेब जुळला. श्रेणी टोकाला जुळत असेल तर तिथली बेरीज फलनाच्या तिथल्या मर्यादेइतकीच असते, हा आबेलचा सिद्धांत, १८२६ सालचा.

प्रश्न : आर्कटॅनच्या श्रेणीत क्ष = १ घालून पाय/४ = १ − १/३ + १/५ − १/७ + … मिळतं. स्प्रेडशीटवर शंभर पदं घेतली तर पायची किंमत ३.१३१५९ आली. दुसऱ्याच दशांश स्थळाला चूक! ही श्रेणी केरळात युरोपच्या आधी सापडली असं वाचलं होतं. मग त्या लोकांनी तिचा उपयोग तरी कसा केला? (निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

तुमची स्प्रेडशीट बरोबर आहे. १/(१ + क्ष^२) = १ − क्ष^२ + क्ष^४ − … याचं समाकलन केलं की आर्कटॅन(क्ष) = क्ष − क्ष^३/३ + क्ष^५/५ − … मिळतं, आणि त्याची हद्द |क्ष| ≤ १. म्हणजे तुम्ही बरोबर कुंपणावर उभे आहात. क्ष एकापेक्षा लहान असला की त्याचे घात झपाट्याने लहान होतात आणि खरं काम तेच करतात. क्ष = १ ला घातांची काहीच मदत नाही; पदं लहान होतात ती नुसत्या ३, ५, ७ या छेदांमुळे. म पदं घेतली की पायमधली चूक साधारण १/म एवढी राहते. शंभर पदांना ०.०१, आणि तुमचं उत्तर नेमकं तेवढंच कमी आहे. याच चालीने दहा दशांश स्थळं हवी असतील तर सुमारे दोन हजार कोटी पदं लागतील.

चौदाव्या शतकातल्या संगमग्रामच्या माधवांच्या परंपरेला हे पुरतं माहीत होतं. या श्रेणीवरचं माधवांचं स्वतःचं लिखाण आज मिळत नाही. ती कळते शिष्यपरंपरेच्या ग्रंथांतून, आणि त्यांत ज्येष्ठदेवाच्या सोळाव्या शतकातल्या मल्याळम ‘युक्तिभाषा’त ती उपपत्तीसकट आहे. युरोपात आर्कटॅनची श्रेणी स्कॉटिश गणिती ग्रेगरीच्या हाती १६७१ मध्ये आली, जर्मन गणिती लायब्निझला त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. पण कोण आधी यापेक्षा या मंडळींनी संथपणावर काढलेले दोन उपाय जास्त बघण्यासारखे आहेत.

पहिला उपाय, कुंपणापासून आत सरकायचं. ३० अंशांचा टॅन १/√३ असतो. क्ष = १/√३ घातला की

पाय = √१२ × (१ − १/(३×३) + १/(५×९) − १/(७×२७) + …)

आता दर पदाला ३ ने जास्तीचा भाग जातो. नुसती पाच पदं घेऊन ३.१४२६ येतं. माधवांच्या नावावर असलेली ३.१४१५९२६५३५९ ही अकरा दशांश स्थळांपर्यंत बरोबर असलेली किंमत याच श्रेणीच्या २१ पदांतून मिळते.

दुसरा उपाय खरा देखणा आहे. मूळ संथ श्रेणीच घ्यायची, पण जिथे थांबू तिथे एक शेवटची दुरुस्ती करायची. म पदांनंतर म/(४म^२ + १) ही संख्या घ्यायची. शेवटचं पद मिळवलेलं असेल तर ती वजा करायची, वजा केलेलं असेल तर मिळवायची. कागदावर करून बघा. पाच पदं: १ − ०.३३३३३३ + ०.२ − ०.१४२८५७ + ०.११११११ = ०.८३४९२१. चौपट केली तर ३.३३९७, अगदी टाकाऊ. आता दुरुस्ती: ५/१०१ = ०.०४९५०५. शेवटचं पद अधिक होतं म्हणून वजा करू: ०.७८५४१६. चौपट ३.१४१६६. पाच पदांत!

तुमच्या शंभर पदांच्या उत्तरात ४ × १००/४०००१ = ०.००९९९९७५ मिळवा (शंभरावं पद वजा आहे). ३.१४१५९२६५३६ येईल, दहाही दशांश स्थळं बरोबर. स्प्रेडशीटमध्ये बेरजेच्या खाली फक्त एक ओळ वाढवायची आहे.

हे जमतं कशामुळे? चिन्हं आलटून पालटून असली की बेरीज खऱ्या किमतीच्या एकदा वर, एकदा खाली अशी उडी मारते, आणि खरी किंमत दोन उड्यांच्या जवळपास मध्यावर असते. म्हणजे पुढच्या पदाच्या निम्म्याची दुरुस्ती, ढोबळमानाने १/(४म). पाच पदांना ही ढोबळ दुरुस्ती लावली तर ३.१३९७ येतं, बरं पण खास नाही. म/(४म^२ + १) ही तिचीच घासूनपुसून घेतलेली आवृत्ती. युक्तिभाषेच्या परंपरेत याहूनही बारीक एक आहे: (म^२ + १)/(४म^३ + ५म).

आत सरकण्याचा उपाय पुढे इंग्रज गणिती जॉन मेचिनने टोकाला नेला. पाय/४ = ४ आर्कटॅन(१/५) − आर्कटॅन(१/२३९) हे सूत्र वापरून त्याने १७०६ मध्ये पायचे शंभर अंक काढले.

प्रश्न : १/(१ + क्ष^२) चा आलेख कुठेही तुटत नाही, छेद कधी शून्य होत नाही. तरी त्याची श्रेणी फक्त −१ ते १ मध्येच चालते. १/(१ − क्ष) चं समजू शकतो, तिथे क्ष = १ ला खड्डा आहे. इथे श्रेणी कशाला अडते? (अभियांत्रिकी प्रथम वर्ष, पुणे)

खड्डा आहे, फक्त तो तुमच्या रस्त्यावर नाही. १ + क्ष^२ = ० ची उत्तरं √−१ आणि −√−१. संमिश्र प्रतलात ती शून्यापासून बरोबर एक एकक वर आणि एक एकक खाली आहेत. घातश्रेणी ज्या प्रदेशात चालते तो केंद्राभोवतीचा गोल असतो (म्हणून तर ‘त्रिज्या’ म्हणतात), आणि तो गोल सर्वांत जवळच्या खड्ड्यापर्यंतच फुगतो. आपण वास्तव रेषेवर उभं राहून त्या गोलाचा फक्त व्यास बघतो.

याचा व्यवहारी फायदा मोठा. अंश आणि छेद दोन्ही बहुपदी असले, त्यांत सामाईक अवयव नसला, तर त्रिज्येसाठी एकही सहगुणक काढावा लागत नाही. छेदाची मुळं काढा, केंद्रापासूनची अंतरं मोजा, सर्वांत लहान घ्या. याच फलनाची श्रेणी क्ष = ३ भोवती काढली तर त्रिज्या √(९ + १) = √१०, सुमारे ३.१६. टॅनच्या श्रेणीची शून्याभोवती त्रिज्या पाय/२, कारण कोसाइन तिथे शून्य होतो. क्ष/(ई^क्ष − १) मध्ये क्ष = ० ला छेद शून्य दिसतो, पण तो खड्डा खोटा आहे, तिथे मर्यादा १ येते. खरे खड्डे वरखाली २पाय अंतरावर, म्हणून त्रिज्या २पाय. ई^क्ष, साइन, कोसाइन यांना खड्डाच नाही. त्यांच्या श्रेणी सगळीकडे चालतात. √क्ष ची मात्र शून्याभोवती घातश्रेणीच नसते, तिथलं पहिलंच अवकलन अनंताकडे जातं. ४ भोवती असते, त्रिज्या ४.

प्रश्न : ई^(−क्ष^२) चं ० ते १ समाकलन चार दशांश स्थळांपर्यंत हवं आहे. किती पदं घ्यायची हे आधी कसं ठरवायचं? (संख्याशास्त्र, नागपूर)

नॉर्मल डिस्ट्रिब्युशनचे तक्ते ज्या समाकलनावर उभे आहेत त्याचाच हा भाऊ, आणि याचं उत्तर नेहमीच्या फलनांत लिहिताच येत नाही. ई^क्ष = १ + क्ष + क्ष^२/२! + क्ष^३/३! + … या श्रेणीत क्षच्या जागी (−क्ष^२) ठेवा (३! म्हणजे फॅक्टोरियल, १×२×३). वर्ग केला की चिन्ह अधिक होतं हे विसरू नका; सगळी पदं वजा लिहिलेल्या वह्या पुष्कळ असतात. समाकलन करून १ घातला की:

१ − १/३ + १/१० − १/४२ + १/२१६ − १/१३२० + १/९३६० − १/७५६०० + …

छेद म्हणजे ३×१!, ५×२!, ७×३! असे. चिन्हं आलटून पालटून आणि पदं सतत कमी होत असली तर चूक पहिल्या सोडलेल्या पदापेक्षा लहान असते. चार स्थळांना ०.००००५ पेक्षा कमी चूक चालते; १/७५६०० = ०.००००१३ त्याच्या आत बसतं. म्हणून १/९३६० पर्यंतची सात पदं पुरतात. बेरीज ०.७४६८४, म्हणजे उत्तर ०.७४६८.

‘सतत कमी होत असली तर’ ही अट मात्र वाचा. वरची मर्यादा १ ऐवजी ३ घेतली तर पदं ३, ९, २४.३, ५२ अशी चढत चढत १९० च्या घरात जातात आणि मग उतरतात. उतार लागल्यानंतरच हा नियम लावायचा. तिथे हाताने हिशेब करण्यात अर्थही नाही.

प्रश्न : ई^क्ष ची श्रेणी वापरून प्रोग्राम लिहिला. क्ष = २० ला उत्तर उत्तम येतं, क्ष = −२० ला निव्वळ कचरा. श्रेणी तर सगळीकडे अभिसारी आहे ना? (बंगळूर)

अभिसारी आहे, संगणकाची अंकसंख्या अपुरी पडते. ई^−२० म्हणजे ०.००००००००२०६. तिथे पोचायला बेरीज कुठून जाते बघा: १ − २० + २०० − १३३३.३३ + … १९ व्या आणि २० व्या घाताची पदं प्रत्येकी सुमारे ४ कोटी ३१ लाखांची आहेत, चिन्हं उलट. नेहमीच्या ६४ बिटांच्या दशांश संख्येत (डबल) १५-१६ सार्थ अंक मावतात. चार कोटींच्या घरात तिला दाखवता येणाऱ्या दोन लगतच्या संख्यांमध्येच ०.००००००००७४५ चं अंतर असतं. उत्तर त्या फटीपेक्षा लहान आहे. कोटींची कोटींतून वजाबाकी होताना उरतो तो सगळा गाळ. पदं वाढवून काही उपयोग नाही.

इलाज सोपा: ई^२० काढा, त्यात सगळी पदं अधिक आहेत, वजाबाकी नाही, मग १ ला त्याने भागा. डबलच्या पूर्ण अचूकतेसाठी ई^२० ला सत्तरच्या आसपास पदं लागतात. तेवढीही नको असतील तर २० ला ३२ ने भागून ई^०.६२५ काढा आणि निकालाचा पाच वेळा वर्ग करा.

आणि फॅक्टोरियल वेगळा काढत असाल तर ते आधी बंद करा. ६४ बिटांच्या पूर्णांकात २०! मावतो, २१! मावत नाही, आणि बऱ्याच भाषा त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. मागच्या पदाला क्षने गुणून नव्या पदाच्या घातांकाने भागलं की पुढचं पद तयार.

प्रश्न : साइनच्या श्रेणीत ३० घातले. ३० − ४५०० + २०२५०० असं काहीतरी भलतंच येतंय. (बारावी, रत्नागिरी)

साइनची श्रेणी, क्ष − क्ष^३/३! + क्ष^५/५! − …, अंशांत नव्हे, रेडियनमध्ये चालते. साइनचं अवकलन कोसाइन येतं तेच मुळी रेडियनमध्ये, आणि श्रेणी त्यावरच उभी आहे. ३० अंश म्हणजे पाय/६ = ०.५२३५९९. आता ०.५२३५९९ − ०.०२३९२५ + ०.०००३२८ = ०.५००००२.